उजेडाकडे

टॉर्च दातांत धरला की लाळ सुटते, हे विमान शिकवणाऱ्या एकाही पुस्तकात लिहिलेलं नाही. मला ते करंजवडीच्या आकाशात कळलं. लाळ हनुवटीवरून ओघळून शर्टावर उतरत होती आणि पुसायला हात मोकळा नव्हता. डावा हात कंट्रोलवर, उजव्यात रेडिओचा माइक. समोरच्या पॅनेलचे दिवे आधी पिवळे पडले, मग तांबूस झाले आणि मग गेलेच. टॉर्चच्या उजेडात वेगाचा काटा दिसायचा तर उंचीचा नाही. मान हलवून उंची बघावी, तर वेग अंधारात.

इंजिन मात्र मजेत चाललं होतं. लहान विमानाचं हे बरं असतं. वीज गेली म्हणून इंजिन बंद पडत नाही. बाकी सगळं हळूहळू मरत जातं आणि ते आपलं गुणगुणत राहतं.

मी टॉर्च तोंडातून काढून मांडीवर ठेवला आणि माइकमध्ये इंग्रजीत सांगितलं, की जनरेटर गेला आहे, बॅटरी संपत आली आहे आणि मला धावपट्टी दिसत नाही.

खरखरीतून सरांचा आवाज आला, "से अगेन?"

मी पुन्हा सांगितलं.

"पोझिशन?"

आता पोझिशन माहीत असती तर मी रडत कशाला असते? पण असं रेडिओवर म्हणायची सोय नव्हती. कॅप्टन दाजीसाहेब शितोळे हवाई दलातून निवृत्त होऊन आमच्या फ्लाइंग क्लबला शिकवायला आले, तेव्हा येताना दोन नियम घेऊनच आले होते. पहिला, रेडिओवर मराठी बोलायचं नाही. जो बोलेल त्याने सबंध विमान धुवायचं. दुसरा, सांगितलेलं परत म्हणून दाखवायचं. म्हणजे त्यांनी "डावीकडे वळ" म्हटलं की आपण "डावीकडे वळते" म्हणायचं. याला रीडबॅक म्हणतात. आपण बरोबर म्हटलं की ते म्हणणार, "रीडबॅक करेक्ट." हे दोन शब्द कानावर पडेपर्यंत विमान तसूभर हलवायचं नाही. चुकीचं म्हटलं आणि त्यांनी दुरुस्त केलं नाही, तर दोष त्यांचा.

"आकाशात माणूस काय बोलला याला अर्थ नाही," ते म्हणायचे. "समोरच्याने काय ऐकलं, तेवढंच खरं."

क्लबकडे विमान एकच होतं. दोन जणांचं, पांढरं, जुनं. आमच्या तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याच्या नाकावर चोच उघडलेली मैना रंगवून दिली होती. तात्या ट्रकच्या बॉड्या रंगवायचे, त्यामुळे ती मैना जरा गुबगुबीत आणि ठसकेबाज झाली होती, पण तेव्हापासून विमानाचं नाव मैना पडलं ते पडलंच. सर तेवढे रजिस्ट्रेशनची अक्षरं म्हणायचे.

त्या रात्री मैनेबरोबर माझंही सगळं पणाला लागलं होतं. एका विमान कंपनीने मला बोलावलं होतं. महिनाअखेर परवाना घेऊन हजर व्हा. परवान्यासाठी एकच गोष्ट उरली होती, रात्रीचं एक एकटीचं उड्डाण. अंधार पडल्यावर करंजवडीहून निघायचं, नदीच्या पुलापर्यंत जाऊन परत यायचं आणि उतरायचं. नीट उतरले की मी वैमानिक. विमानाला ओरखडा जरी आला, तरी चौकशी बसणार, चौकशी संपेपर्यंत परवाना अडकणार आणि माझ्या जागी दुसरा कुणीतरी रुजू होणार. आमच्या तालुक्यातल्या खराड्यांच्या कालिंदीसाठी कंपनी काही खुर्ची रिकामी ठेवणार नव्हती.

आणि अजिबातच उतरता आलं नाही, तर परवान्याची चिंता आपोआपच मिटणार होती.

धावपट्टी न दिसायला कारण होतं. आमच्याकडे विजेचे दिवे नव्हते. चोच असलेल्या टिनच्या भांड्यांत रॉकेल भरायचं, वात घालायची, पेटवून दोन रांगांत मांडायचं. त्यांना आम्ही किटल्या म्हणायचो. एरवी या किटल्या लांबून छान दिसायच्या. पण ते उसाच्या तोडणीचे दिवस होते. मोकळ्या झालेल्या फडांतून लोकांनी पाचट पेटवलं होतं आणि थंडीतला धूर वर न जाता दुलईसारखा खालीच पसरला होता. त्या दुलईखाली कुठेतरी माझ्या किटल्या होत्या. दुपारी मीच त्यांत रॉकेल भरलं होतं.

घिरट्या घालता घालता मला डाव्या अंगाला काहीतरी दिसलं. धुराच्या पलीकडे, मोकळ्या माळावर, लख्ख पांढऱ्या दिव्यांच्या दोन रांगा. सरळ, समोरासमोर, मध्ये रिकामी पट्टी. किटल्यांचा उजेड असा नसतो. पण माझ्या मनात आलं, सरांनी धूर बघितला असणार, गावातून जीपा आणि ट्रॅक्टर बोलावून दिवे लावले असणार. त्यांनी तसं केलं असतं. त्यांच्याबद्दल माझी अशीच समजूत होती, की या माणसाला कुठलीच गोष्ट अशक्य नाही.

तेवढ्यात रेडिओ बोलला. आवाज खोल विहिरीतून यावा तसा, अक्षरं मध्येच गळणारा.

"कालिंदी… कालिंदी, बाळ… उजे…कडे वळ. ऐकतेस का? उजे…कडे ये, बाळ."

मला आधी कळेचना की हे बोलतंय कोण. सर मराठी बोलत होते. रेडिओवर! आणि बाळ! तीन वर्षांत त्यांनी मला 'स्टुडंट'शिवाय काही म्हटलं नव्हतं, आणि चिडले की 'यू देअर'. माझे डोळे भरूनच आले. डोळ्यांत पाणी आणि तोंडात लाळ, अशा अवस्थेत मी माइक दाबला आणि नियमाप्रमाणे परत म्हणून दाखवलं.

"उजेडाकडे वळते, सर."

मग मी "रीडबॅक करेक्ट"ची वाट बघितली. रेडिओने एकदा टक् केलं आणि तो मेला.

मी वाट बघत आणखी एक घिरटी घातली. मनात म्हटलं, उजेडाकडे वळ म्हणालेत, समोर उजेड आहे, यात न समजण्यासारखं काय आहे? आणि वळले.

आता उतरतानाची मजा. विमानाचा वेग कमी करायला पंखांच्या मागच्या झडपा खाली सोडतात. मैनेच्या झडपा विजेवर चालायच्या, म्हणजे त्या गेल्या. पुढचा दिवाही गेला. त्यामुळे मी नेहमीपेक्षा जोरात आणि आंधळी उतरत होते. टॉर्च पुन्हा दातांत धरला. वेगाच्या काट्यावर एक डोळा, दिव्यांवर दुसरा. जवळ गेल्यावर दिसलं की ट्रॅक्टरच आहेत, दोन्ही बाजूंना, दिवे आतल्या बाजूला रोखून. माझी खात्री पटली. सरांनी किती ट्रॅक्टर गोळा केलेत बघा! ट्रॅक्टरांच्या मागे माणसं पण होती, भरपूर. सगळं करंजवडी मला बघायला लोटलंय की काय, या विचाराने मला लाजल्यासारखंही झालं.

पट्टीच्या अलीकडच्या टोकाला काहीतरी पांढरं हललं. मी त्याच्यावरून पुढे गेले. शिंगं होती. आमच्या धावपट्टीवर शिंगं कशाला असतील, हा विचार पुरा व्हायच्या आत चाकं टेकली.

पहिल्यांदा टेकली ती उडाली. दुसऱ्यांदा टेकली. माती होती खाली, डांबर नव्हतं. मैना खडखडत, उड्या मारत सुसाट निघाली. मी ब्रेक दाबले, ती थोडी तिरकी झाली, मी सरळ केली. दोन्ही बाजूंनी ट्रॅक्टरचे दिवे फटाफटा मागे जात होते आणि कुठूनतरी कर्ण्यावरून माणूस ओरडत होता. काय ओरडतोय ते इंजिनाच्या आवाजात कळत नव्हतं. एक मोठं लाल निशाण आलं आणि गेलं. त्याच्या मागे डोंगराएवढं काहीतरी उभं होतं. मी नाक वर धरायचा प्रयत्न केला, जमला नाही, आणि आम्ही दोघी त्यात शिरलो.

शांतता झाली. ज्वारीच्या कडब्याचा खमंग वास आला.

इंजिन बंद झालं होतं. पुढची काच कडब्याने भरून गेली होती. मी स्वतःचे हात-पाय हलवून बघितले, होते. टॉर्च अजून दातांतच होता आणि खालचा ओठ फुटला होता. आणि आता, इंजिनाची घरघर थांबल्यावर, कर्णा ऐकू यायला लागला.

"थांबा! कुणी पट्टीत येऊ नका! बैलं सुटल्यात, बैलं सुटल्यात! धरा, धरा, आरं पांढरा धर त्यो! मंडळी, मघापासनं घसा फोडून सांगतोय, इमानानं पळवा, इमानानं पळवा, तर हितं इमानच आलं पळत!"

मी दार ढकललं. मागे वळून बघते तर बैलांच्या चार जोड्या छकड्यांसकट माझ्या दिशेने धावत येत होत्या. त्यांच्या मागे हाकणारे, हाकणाऱ्यांच्या मागे पंच, पंचांच्या मागे गाव.

तर मी करंजवडीत नव्हतेच. मी हिंगणेमाळावर होते, आणि हिंगणेमाळाच्या बैलगाडा शर्यतींची फायनल चालली होती. दिवसा व्हायची ती भांडणांत लांबली, अंधार पडला, तेव्हा लोकांनी ट्रॅक्टर दुतर्फा लावून दिवे सोडले आणि म्हणाले, फायनल आजच. जोड्या सुटण्याच्या रेषेवर उभ्या होत्या, सुटण्याचं निशाण पडायचं बाकी होतं, आणि मी त्यांच्या डोक्यावरून गेले.

सगळ्यात आधी माझ्यापर्यंत पोचला तो कर्णेवाला. गळ्यात माइक तसाच, मागे वायर ओढत आणलेली. त्याला सगळे सर्जेराव मास्तर म्हणत होते. त्याने हातातली बॅटरी माझ्या तोंडावर मारली आणि माइक तोंडाशी नेला.

"पोरगी हाय! मंडळी, आतनं पोरगी निघाली! जित्ती हाय! उभी हाय सोताच्या पायावर! वठातनं रगात येतंय, बाकी बरी हाय!"

माळभर टाळ्या पडल्या.

"पोरी, कुनाची तू?" त्याने माइकमधूनच विचारलं.

"करंजवडीच्या खराडे पेंटरची." माझाही आवाज माळभर घुमला.

"ट्रकवर फुलं काढतोय त्यो? आरं, माझ्या ट्रॉलीवरचा मोर त्येचाच हाय!"

पुन्हा टाळ्या पडल्या, या वेळी तात्यांना.

मला वाटलं आता कुणी पाणी देईल, बसा म्हणेल. पण तोवर पंचांपाशी भांडण पेटलं होतं. यशवंतनाना नावाचे एक तगडे म्हातारे, फेटा सुटून खांद्यावर आलेला, कडब्याच्या गंजीपाशी येऊन उभे राहिले.

"फायनल झाली," ते म्हणाले. "माझी जोडी निशाणापाशी पयली आली. समद्यांनी बघितलंय."

"निशाण पडलंच न्हाई, तर फायनल कशी?" दुसऱ्या बाजूने कुणीतरी ओरडलं.

"निशाण पडलं न्हाई, पर इमान पडलं न्हवं?"

"आन पयली तुमची जोडी कशी, नाना? पयलं तर इमान आलं!"

यावर जरा विचार झाला. खरोखरच, शेवटचं लाल निशाण सगळ्यात आधी मी ओलांडलं होतं. पंच एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी मला विचारलं, "तुमचा फायनलचा नंबर कितवा?" मी म्हटलं, मी शर्यतीत नव्हते. तो म्हणाला, ते आम्ही ठरवू.

शेवटी सर्जेराव मास्तरांनी माइकवरून निकाल दिला. "पंचकमिटीचा निर्णय ऐका! जिला बैल जोडल्याले न्हाईत अशी गाडी धरता येत न्हाई. सबब इमान बाद! फायनल उद्या सकाळी फिरून हुईल. आन मंडळी, ही पोरगी आपली पाव्हनी हाय, तिला कुनीतरी च्या आना!"

चहा आला. तो पितळी ग्लासातला, गुळाचा चहा मी आजतागायत विसरलेले नाही. यशवंतनानांनी स्वतःचा सुटलेला फेटा माझ्या डोक्याला गुंडाळला आणि म्हणाले, "बाद तर बाद. पर पळाली झ्याक." मी हसायला लागले, आणि हसता हसता मला रडू आलं. मैनेचं पुढचं चाक मुडपून पोटाखाली गेलं होतं. पंख्याचं एक पातं वाकलं होतं. गुबगुबीत मैनेच्या उघड्या चोचीत कडबा होता. ओरखडा नव्हे, मी तिचा चेंदाच केला होता, आणि माझा परवाना गेला होता.

तेवढ्यात जीप आली. आमचीच. चालवत होत्या वत्सलाकाकी, म्हणजे सरांच्या पत्नी. त्या रोज संध्याकाळी मैदानावर चहाचा थर्मास घेऊन यायच्या. सर जीप थांबायच्या आत उतरले आणि धावत आले. धावताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. माझ्यासमोर येऊन ते थांबले. माझ्याकडे, फेट्याकडे, फुटलेल्या ओठाकडे बघितलं. मग हात मागे बांधले.

"एनीथिंग ब्रोकन?" त्यांनी विचारलं.

"चाक आणि प्रोपेलर, सर."

"इन यू, आय मीन."

"नाही, सर."

त्यांनी मान हलवली, वळले, मैनेपाशी गेले आणि तिच्या चोचीतला कडबा एकेक काडी करून काढत बराच वेळ उभे राहिले. पाठ आमच्याकडे होती.

चौकशीला विमान खात्याचे अधिकारी आले ते दक्षिणेकडचे, नटराजन नावाचे. अतिशय सभ्य आणि अतिशय चिकट. त्यांनी हिंगणेमाळाला जाऊन पट्टी पावलांनी मोजली आणि सर्जेराव मास्तरांचा जबाब घेतला. तो जबाब दुभाष्याला इंग्रजीत करता करता घाम फुटला, कारण मास्तरांनी सबंध फायनलचं वर्णन सुरुवातीपासून करून दाखवलं.

माझा जबाब साधा होता. सर उजेडाकडे वळ म्हणाले, मी उजेडाकडे वळते म्हणाले आणि वळले. नटराजन साहेबांनी तो शब्द तीनदा लिहून घेतला आणि दर वेळी वेगळा लिहिला.

मग सरांची पाळी. क्लबच्या ऑफिसात आम्ही सगळे बसलो होतो. सर कडक इस्त्रीच्या कपड्यांत, ताठ.

"तुम्ही विद्यार्थिनीला काय सूचना दिली?" साहेबांनी इंग्रजीत विचारलं.

"उजेडाकडे," सर म्हणाले.

"अर्थ?"

"प्रकाशाच्या दिशेने."

"कुठल्या प्रकाशाच्या? तो प्रकाश तुमच्या विमानतळाचा नव्हता."

"नव्हता."

"मग सूचना चुकीची होती."

"होय."

"आणि ती ठरलेल्या इंग्रजी शब्दांत का दिली नाही, कॅप्टन? तुम्ही इतके अनुभवी."

"घाबरलो होतो," सर म्हणाले.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, त्या क्षणी उठून ओरडावं, की हा माणूस कुणाला घाबरत नाही. पण ते खरं बोलत होते हे त्यांच्या कानांकडे बघून कळत होतं. कान लाल झाले होते.

निकाल असा लागला, की विद्यार्थिनीने मिळालेली सूचना ऐकली, परत म्हणून दाखवली, पाळली आणि वीज नसताना विमान जमिनीवर आणलं. तिचा दोष नाही. तिचं उड्डाण धरावं. दोष शिक्षकाचा. त्यांनी फिरून परीक्षा दिल्याशिवाय शिकवू नये.

मला परवाना मिळाला. महिनाअखेरीला दोन दिवस असताना.

निघायच्या आदल्या दिवशी मी क्लबवर गेले. दुरुस्त होऊन आलेली मैना बाहेर उभी होती आणि सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, बादली आणि फडकं घेऊन तिला धूत होते.

"सर, मी धुते ना!" मी धावले.

"दूर हो," ते म्हणाले. "नियम म्हणजे नियम. मराठी मी बोललो."

मी चाकापाशी बसून राहिले आणि ते सबंध विमान धूत राहिले. पंखांच्या खालच्या बाजूसकट.

यानंतर मी खूप उडाले. मोठमोठी विमानं चालवली, अर्धं जग पालथं घातलं, कमांडर झाले. आणि माझ्या त्या रात्रीच्या गोष्टीने माझ्यापेक्षा जास्त प्रवास केला. नव्या वैमानिकांपुढे, शाळांच्या गॅदरिंगला, सत्काराला, जिथे म्हणून मला बोलायला उभं करतील तिथे मी ती सांगायची. शेवटी हमखास म्हणायची, "माझे गुरू म्हणाले, उजेडाकडे वळ. आणि मी अजून तेच करते आहे." टाळ्या तर ठरलेल्या. एका दिवाळी अंकाने हे वाक्य माझ्या फोटोखाली छापलं. एका शाळेने ते भिंतीवर रंगवून घेतलं. माझं मलाही ते फार खोल वाटायला लागलं होतं.

मग सरांचं सहस्रचंद्रदर्शन आलं. वयाची एक्याऐंशी झाली. करंजवडीला त्यांच्या घरासमोर छोटा मांडव घातला होता. मी निवृत्त होऊन गेले होते आणि अर्थातच मला बोलायला उभं केलं. मी बोलले. गोष्ट सांगितली, गुरू आणि उजेड यांच्यावर आले, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर पहिल्या रांगेत खुर्चीत बसून समाधानाने आंब्याची बर्फी खात होते. त्यांचे दोन्ही कान गेले होते आणि कानातलं यंत्र त्यांनी खिशात ठेवलं होतं.

नंतर मी स्वयंपाकघरात वत्सलाकाकींना ताटं पुसायला मदत करत होते. त्या एकदम हसायला लागल्या. इतक्या, की त्यांना स्टुलावर बसावं लागलं.

"काय झालं, काकी?"

"किती वर्षं ऐकतेय गं तुझं हे उजेडाकडे! पेपरात काय, भिंतीवर काय. आता मरायच्या आधी सांगून टाकते बाई. अगं, ते उजवीकडे म्हणाले होते."

माझ्या हातात ताट तसंच राहिलं.

"मी थर्मास घेऊन शेजारीच उभी होते ना. तुझ्या विमानाचा आवाज वर फिरतोय, पट्टी तुझ्या उजव्या हाताला. हे माइकवर ओरडतायत, उजवीकडे वळ, उजवीकडे ये. आणि तुझा आवाज आला स्वच्छ, उजेडाकडे वळते, सर. यांचा चेहराच गेला. बटण दाबून दाबून सांगतायत, उजवीकडे, बाळ, उजवीकडे. पण तुझा रेडिओ मेलेला. मग विमानाचा आवाज लांब गेला आणि थांबला."

"मग?"

"मग काय. हे खाली बसले मातीत. मला म्हणाले, वत्सला, मी पोरगी घालवली. आणि तेवढ्यात वाऱ्यावरून त्या मेल्या मास्तराचा कर्णा आला. पोरगी हाय, जित्ती हाय, उभी हाय सोताच्या पायावर! लग्नात एवढं गोड वाजवलं नव्हतं कुणी."

त्या पदराने डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या. माझंही तेच चाललं होतं.

"मग चौकशीत ते…"

"मी म्हटलं त्यांना, खोटं कसं सांगाल? तर माझ्यावरच डाफरले. म्हणाले, खोटं कसलं? तिने परत म्हणून दाखवलं, पण माझी दुरुस्ती तिच्या कानापर्यंत पोचली नाही, म्हणजे मी ती केलीच नाही. दुरुस्त न केलेला रीडबॅक म्हणजे माझीच सूचना. तू मध्ये बोलू नको, तुला विमानातलं कळत नाही."

मी ताट ठेवलं आणि बाहेर आले. मांडव रिकामा होत होता. सर खुर्चीतच होते, गुडघ्यावर रुमाल, रुमालात काकींची नजर चुकवून ठेवलेली आणखी एक बर्फी. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. त्यांच्या खिशातलं यंत्र काढून त्यांच्या कानात घातलं.

"सर, त्या रात्री तुम्ही काय म्हणालात? उजवीकडे की उजेडाकडे?"

"से अगेन?"

यंत्र खरखरत होतं. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. उजवीकडे म्हणायला तोंड उघडलं, आणि म्हणाले ते मात्र नेहमीचंच.

"उजेडाकडे वळते, सर."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. बर्फी रुमालात परत ठेवली. बोटं पुसली. आणि करंजवडीच्या आकाशातली माझी इतक्या वर्षांची घिरटी संपवून टाकली.

"रीडबॅक करेक्ट," सर म्हणाले.